शेवेच्या डब्यातल्या चुका

नीलकंठ पोतनीस गेले त्याच्या तेराव्या दिवशी, गोडाचं जेवण आटोपल्यावर, त्यांच्या शिकवणीतली सहा मुलं जिन्यापाशी घुटमळत राहिली. चपला पायांत होत्या, पण पाय निघत नव्हते. शेवटी त्यांच्यातल्या राजवीरनं धीर केला आणि पोतनीसांच्या मुलीला, मधुवंतीला, विचारलं, "ताई, क्लास आता बंदच ना?"

मधुवंती उत्तर जुळवू लागली. धारच्या कॉलेजातली लायब्ररी तिच्याकडे होती, रजा संपत आली होती, धार ते देवास म्हणजे इंदूरला बस बदलून शंभर किलोमीटर. हे सगळं कुठून सांगायला सुरुवात करावी, याचा ती विचार करत होती, तोवर आतून तिच्या आईचा आवाज आला. आईला घरात आणि गल्लीत सगळे अक्काच म्हणत.

"शनिवारी-रविवारी येईल ती," अक्का म्हणाली. "परीक्षा एप्रिलात आहे ना तुमची?"

मुलं हात जोडून गेली. वडील गेल्यापासून मधुवंती कशालाच नाही म्हणाली नव्हती. तेवढीही ताकद खर्चायची तिची तयारी नव्हती.

नीलकंठ पोतनीसांना, म्हणजे नानांना, देवासात इंग्रजीचे सर म्हणूनच ओळखत. उमेदीची वर्षं सरदारपुरात, मग देवासला, अशी चौतीस वर्षं सरकारी शाळेत काढून ते निवृत्त झाले आणि घराच्या वरच्या खोलीत शिकवू लागले. कॉलनीतल्या त्या खोलीच्या खिडकीतून देवीची टेकडी दिसे. तिथे दोन बाकं, एक फळा आणि टेबलावर शेवेचा एक मोठा पत्र्याचा डबा. डब्यात शेव नव्हती. कार्डं होती.

मधुवंतीनंच ती आणली होती. लायब्ररीची यादी कॉम्प्युटरवर चढली तेव्हा जुनी कार्डं रद्दीत निघाली. एका बाजूला पुस्तकाची टंकलेली नोंद, खाली मध्यभागी गोल भोक, मागची बाजू कोरी. तिनं दोन पिशव्या भरून नानांना दिल्या आणि नाना एखाद्या लहान मुलाला खडूची पेटी मिळावी तसे खूश झाले. त्यातल्या बऱ्याच कार्डांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी एकेक इंग्रजी नाम लिहिलं आणि त्याखाली त्या नामाला चालणारी क्रियापदं.

त्यांचं शिकवणं एवढंच होतं. क्रियापद पाठ करू नका, असं ते सांगत. आधी नाम धरा. त्याला नीट न्याहाळा, एक आहे की अनेक, मोजता येतं की नाही, ते बघा. मग त्याला कोण हवं ते तेच सांगेल. नव्या मुलांना हे पटत नसे. मग नाना अक्काची गोष्ट सांगत. शेजारच्या घरात इंदूरची सून आली. घर मराठी, पण शिक्षण सगळं हिंदीत. एकदा ती अक्काला मोठ्या कौतुकानं म्हणाली, काकू, आज मी वाती बनवल्या आणि पापडही बनवले. अक्का तिला म्हणाली, बाई, वाती वळतात, पापड लाटतात, कुरडया घालतात. बनवतात ते माणसाला. समजलं सगळ्यांनाच होतं, नाना म्हणत. पण बोलणारा घरचा की बाहेरचा, हेही समजलं होतं. इंग्रजीत तुम्हाला घरचं व्हायचं असेल, तर कोणती गोष्ट वळायची आणि कोणती लाटायची ते बघा.

मधुवंतीला इंग्रजी असं शिकावं लागलंच नव्हतं, निदान तिची तशी समजूत होती. लहानपणापासून ती वाचत आली. कोणतं क्रियापद बरोबर हे तिला कानानं कळे; का बरोबर, हे सांगता येत नसे. पहिल्या दोन शनिवारी तिनं मुलांची वाक्यं सुधारून दिली. मुलांनी ती गुपचूप उतरवून घेतली. खोलीत काही हललं नाही.

फक्त उर्वशी अडली. ती उदयनगरच्या पलीकडच्या गावातली. देवासला दोन मुलींबरोबर एक खोली घेऊन राहत होती. निवासी शाळेतल्या शिक्षकपदाची परीक्षा ती तिसऱ्यांदा देत होती आणि यंदा नाही झालं तर गावी परत, असं घरी ठरलेलं होतं. इंग्रजीत परीक्षा 'गिव्ह' करत नाहीत, 'टेक' करतात, असं मधुवंतीनं सांगितल्यावर तिनं मान वर केली.

"ताई, देते तो हम ही हैं. जान तक दे रहे हैं," ती म्हणाली.

मुलं हसली. मधुवंतीही हसली. नाना असते तर काय म्हणाले असते, असा विचार मनात आला आणि तिनं तो बाजूला सारला. तसले विचार ती हल्ली दाराबाहेरच थांबवत असे.

तिसऱ्या शनिवारी तिनं शेवेचा डबा उघडला. वरच नामांची कार्डं, अक्षरांच्या क्रमानं, रबरात बांधलेली. त्यांच्याखाली एक वेगळी गड्डी होती, लाल दोऱ्यानं बांधलेली. तिनं दोरा सोडला.

पहिल्या कार्डावर लिहिलं होतं, 'आय विल गिव्ह द एक्झाम.' दुसऱ्यावर, 'शी सेड अ लाय.' तिसऱ्यावर, 'द न्यूज आर गुड.' अशी अकरा कार्डं. प्रत्येकावर एकच वाक्य आणि प्रत्येक वाक्य चुकलेलं. कुठे फुली नाही, खाडाखोड नाही. अक्षर नानांचंच, सरळ, टपोरं, एखाद्या सुविचारासारखं सावकाश काढलेलं. शेवटून दुसरं कार्ड होतं, 'द सीझर्स इज ऑन द टेबल.' मधुवंती ते बराच वेळ हातात धरून बसली.

ऑक्टोबरात नानांनी एकदा फोनवर तिला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. दिवाळीनंतर एकाच बोलण्यात दोनदा विचारलं होतं, धारला थंडी पडली का. तिनं दोन्ही वेळा उत्तर दिलं होतं आणि फोन ठेवल्यावर लायब्ररीच्या कामाला लागली होती. आता ते दोन फोन आणि ही अकरा कार्डं एका ओळीत येऊन उभी राहिली. ज्या माणसाच्या हातून साऱ्या देवासात कुणी चुकीचं इंग्रजी वाक्य पाहिलं नव्हतं, तो माणूस शेवटच्या वर्षात या खोलीत बसून हे लिहीत होता, स्वच्छ अक्षरात, आपण चुकतोय हे न कळता. आणि दर रविवारी फोन करणाऱ्या मुलीला त्याचा पत्ता नव्हता.

रात्री जेवताना तिनं अक्काला आडून विचारलं, नाना शेवटी शेवटी विसरायला लागले होते का.

"चष्मा विसरायचे," अक्का म्हणाली. "तो तर लग्नापासूनच विसरायचे."

यापुढे विचारायचा धीर मधुवंतीला झाला नाही. अक्काला ठाऊक नसेल तर कळू देऊ नये, आणि मुलांना तर नाहीच नाही. नानांचं नाव तेवढं जसंच्या तसं राहायला हवं. सकाळी अक्का टेकडीवर दर्शनाला गेली तेव्हा तिनं ती अकरा कार्डं एकेक करून फाडली. मागची बाजू तिनं पाहिली नाही. मागे काय आहे ते तिला ठाऊक होतं. लायब्ररीच्या जुन्या नोंदी, तिच्याच हातून गेलेल्या. कॉलनीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली तेव्हा ती स्वतः खाली गेली, पिशवी गाडीत टाकली आणि गाडी वळेपर्यंत फाटकाशी उभी राहिली. लाल दोरा मात्र तिनं का कोण जाणे, डब्यात परत ठेवला.

त्यानंतर दोन आठवडे क्लास बरा चालला. ती नामांच्या कार्डांवरून शिकवू लागली होती. एक मूल डब्यातून कार्ड काढी, नाम मोठ्यानं वाची, ते कसं आहे ते सांगे, मग बाकीचे क्रियापद शोधत. अटेन्शन आलं तेव्हा राजवीर म्हणाला की हे पे करावं लागतं म्हणूनच आपल्याकडे कुणी देत नाही. राजवीरचं घराणं जुन्या दरबारातलं, पण आता वडिलांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि त्याची जीभ त्या दुकानावरच तयार झालेली होती. मराठी तो घरी बोले. वाचायची वेळ आली की आजीकडे पाही.

मार्चच्या मध्यावर, क्लास सुटल्यावर उर्वशी मागे राहिली. परीक्षेला चारच आठवडे उरलेत, ती म्हणाली, आता माझं कार्ड बघायचं होतं.

कोणतं कार्ड, असं मधुवंतीनं विचारलं.

लाल धाग्यातलं, उर्वशीनं सांगितलं. सरांनी लिहिलेलं. माझ्या चुकीचं.

मधुवंतीचा हात फळा पुसत होता, तो पुसतच राहिला. शोधावं लागेल, ती म्हणाली. डब्यात दिसलं नाही.

"भिया, रुक जरा," उर्वशीनं जिना उतरणाऱ्या राजवीरला हाक मारली. "तेरा वाला दिखा ताई को."

राजवीर परत वर आला. त्यानं मोबाईल काढला आणि त्याच्या मागचं पारदर्शक आवरण नखानं सोडवलं. आत घडी करून ठेवलेलं एक कार्ड होतं. उलगडल्यावर खालचं गोल भोक बरोबर घडीवर आलं. त्यावर नानांच्या टपोऱ्या अक्षरात होतं, 'आय डिड अ मिस्टेक.'

ही माझी, राजवीर जरा मिरवतच म्हणाला. मग त्या दोघांनी मिळून तिला जे सांगितलं ते असं. कुणाची एखादी चूक हटता हटत नसली, की सर ती कार्डावर लिहीत. फुली मारत नसत. सगळ्यांसमोर वाचतही नसत. ते कार्ड लाल दोऱ्यात जाई. मग त्या मुलानं कुणी न विचारता, आपल्याच बोलण्याच्या ओघात, तेच वाक्य बरोबर म्हटलं की मागे एक खूण. विचारल्यावर बरोबर सांगितलं तर ते धरत नसत. विचारल्यावर तर पोपटही सांगतो. अशा तीन खुणा झाल्या की कार्ड त्या मुलाला परत, वर एक पेढा. मग त्यानं ते फाडावं, जाळावं, हवं ते करावं.

"मी ठेवलं," राजवीर म्हणाला. "पेढा खाल्ला, कार्ड ठेवलं."

मधुवंतीनं कार्ड उलटलं. मागे एका जुन्या भूगोलाच्या पुस्तकाची टंकलेली नोंद होती. तिच्याखाली, भोकाच्या दोन्ही बाजूंना, पेन्सिलीनं तीन बारीक खुणा आणि प्रत्येकीपाशी तारीख. शेवटची गेल्या डिसेंबरातली. आणि तिच्यापुढे नानांच्या अक्षरात एकच शब्द: 'सुटलं.'

पाणी पिऊन येते, असं सांगून ती खाली गेली. स्वयंपाकघरात अक्का कोथिंबीर निवडत होती. मधुवंतीनं तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्या अकरा कार्डांच्या मागे काय काय होतं? कुणाच्या किती खुणा, कोणत्या तारखा? जानेवारीतली एखादी असेल. जायच्या आदल्या दिवशीचीही असेल. नाना त्या खोलीत बसून मुलांचं बोलणं कान देऊन ऐकत होते आणि ऐकलेलं टिपून ठेवत होते. हे सगळं त्या पेन्सिलीत होतं आणि तिनं ते उलटून पाहिलं नव्हतं. आयुष्यभर कार्डं हाताळणाऱ्या बाईनं.

सापडत नाहीत, असं म्हणून भागलं असतं. मुलांनी विश्वासही ठेवला असता. ती वर गेली. तोवर बाकीची चारही मुलं परत येऊन बाकांवर बसली होती.

"ती कार्डं मी फाडली," ती म्हणाली. "ती नानांच्याच चुका आहेत असं मला वाटलं. शेवटी त्यांचं मन थकलं, त्यांना कळेनासं झालं, असं वाटलं. कुणाला दिसू नये म्हणून फाडली."

मग राजवीर म्हणाला, "सरांना कळेनासं? ताई, एक चूक लिहायला सर पंधरा मिनिटं घ्यायचे. मी विचारलं होतं, गलत ही तो लिखना है, घसीट दो. तर म्हणाले, चूक लिहिताना अक्षर चांगलं काढावं लागतं, नाहीतर तिच्याकडे दुसऱ्यांदा कोण बघणार?"

मधुवंतीला ते वाक्य नानांच्या आवाजात ऐकू आलं. या वेळी तिनं ते दाराबाहेर थांबवलं नाही. खिडकीकडे तोंड करून ती थोडा वेळ उभी राहिली. मुलांनी ओळखून वह्या चाळल्या.

उपाय उर्वशीनंच काढला. कोरी कार्डं पुष्कळ आहेत, ती म्हणाली. आम्ही सांगतो, तुम्ही लिहा. आपापली चूक सगळ्यांना पाठ होती. मधुवंती टेबलाशी बसली आणि मुलं एकेक करून सांगू लागली. जन्मात पहिल्यांदा ती जाणूनबुजून चुकीचं इंग्रजी लिहीत होती. हात अडत होता. 'शी' लिहून झाल्यावर बरोबर असलेल्या 'टोल्ड'च्या पहिल्या अक्षराचा फाटा कागदावर उमटलाच. ते कार्ड बाजूला ठेवून तिला नवं घ्यावं लागलं. राजवीरची एक चूक परत मिळाली असली तरी दुसरी शिल्लक होती, नावांच्या यादीची. यादी एक आणि नावं अनेक, आणि क्रियापद लावताना तो दरवेळी नावांच्या मागे धावे. त्यानं मागच्या दोन खुणा सांगितल्या.

उर्वशीची, म्हणजे परीक्षा 'गिव्ह' करण्याची, पाळी आली.

"दो हो गए थे," ती म्हणाली.

"अरे, तीन बोल दे," राजवीर म्हणाला. "ताईंना काय माहीत? पेढा तरी मिळेल."

"सर को मालूम था," उर्वशी म्हणाली.

मधुवंतीनं मागे दोन खुणा केल्या. तारखा उर्वशीला तोंडपाठ होत्या. दुसरी होती तेवीस जानेवारी, नाना जायच्या तीन दिवस आधीची. कसली आठवण आहे त्या दिवसाची, असं विचारल्यावर उर्वशीनं सांगितलं की ती मैत्रिणीशी फोनवर परीक्षेबद्दल इंग्रजीत बोलत जिना चढत होती, आणि वर येऊन बघते तर सर पेन्सिल शोधत होते.

सगळं लिहून झाल्यावर मोजलं तर कार्डं दहाच भरली. अकरावं कुणाचंच नव्हतं. मधुवंतीनं आठवून सांगितलं, कात्रीचं होतं, 'द सीझर्स इज ऑन द टेबल.' मुलांनी माना हलवल्या. आमच्यात असं कुणी म्हणत नाही, असं राजवीरनं ठासून सांगितलं, आणि तो म्हणत असल्यासारखे सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

मुलं गेल्यावर तिनं अक्काला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. अक्कानं कोथिंबिरीची जुडी बाजूला सारली आणि हात पदराला पुसले.

"कात्रीचं तुझं होतं," ती म्हणाली.

मधुवंतीनं पाट ओढला आणि ती समोर बसली.

"सहावीत होतीस. किती भांडली होतीस यांच्याशी. म्हणे, कात्री एकच असते, नाना, दोन कुठायत? दोन खुणा झाल्या होत्या. तिसरीची वाट बघत होते, तर तू शिकायला इंदूरला गेलीस. मग काय, घरी आलीस की तुझं बोलणं सगळं मराठीतच. वहीच्या कागदावर होतं ते. तू ही जाड कार्डं आणलीस, तेव्हा सगळ्यात आधी त्यावर तेच उतरवलं."

"मला सांगितलं नाहीत कधी."

"सांगून कसं चालेल? न विचारता यायला हवं ना." अक्का पुन्हा कोथिंबिरीकडे वळली. "तू कधी चुकत नव्हतीस हे तूच ठरवलंस, बाई. आम्ही कुठे म्हणत होतो?"

मधुवंती वर गेली. दिवेलागणीची वेळ झाली होती, टेकडीवर दिवे लागत होते. तिनं एक कोरं कार्ड घेतलं आणि कात्रीचं वाक्य लिहिलं, घाई न करता, टपोऱ्या अक्षरात. उलटून पाहिलं, मागे कुठल्याशा बागकामाच्या पुस्तकाची नोंद होती. तिच्याखाली दोन खुणा केल्या. तारखा तिला माहीत नव्हत्या, त्या जागा तिनं मोकळ्या सोडल्या. मग अकराही कार्डं जुळवून लाल दोऱ्यानं बांधली.

ऑक्टोबरातली ती हाक आणि थंडीचा तो दोनदा विचारलेला प्रश्न, यांचं काय, हे तिला कळलं नव्हतं. नाना विसरतही असतील. म्हातारी माणसं विसरतात, आणि मुलीला बहिणीच्या नावानं हाक मारणं हा काही गुन्हा नव्हे. पण तेवीस जानेवारीला ते पेन्सिल शोधत होते, एवढं पक्कं होतं. एवढ्यावर तिला झोप लागली असती, आणि त्या रात्री लागलीही.

पुढचे तीन शनिवार-रविवार ती शिकवता शिकवता ऐकतही राहिली. हे काम अवघड होतं. मुलांनी मुद्दाम तिच्या कानांपाशी येऊन बरोबर वाक्यं म्हणायला सुरुवात केली. ती धरली जाणार नाहीत, हे तिला दोनदा जाहीर करावं लागलं. एका मुलाची न्यूज मात्र खरोखरच नकळत सुटली आणि अक्कानं पेढे आणवले. उर्वशीची तिसरी खूण काही झाली नाही. ती जपून बोले, आणि जपून बोललेलं चालत नसे, हे तिलाही ठाऊक होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं अक्काच्या पाया पडून दही-साखर खाल्ली. कार्ड मागितलं नाही. फक्त जाताना एकदा डब्याकडे बघून गेली.

रविवारी दुपारी तिचा फोन आला, परीक्षाकेंद्राच्या फाटकातूनच. मागे गाड्यांचे कर्णे वाजत होते. मधुवंती पेन्सिल हातात घेऊन उभी राहिली. आपण ती कधी घेतली, हे तिचं तिलाच समजलं नाही.

"ताई, परीक्षा दे आई," उर्वशी ओरडून म्हणाली. "इंग्लिश अच्छा गया. बहुत अच्छा गया."

मग ती पाच मिनिटं भराभर बोलत राहिली, सगळं हिंदीत आणि मधूनच माळवीत. कोणते प्रश्न आले, कोणत्या नामापाशी ती थबकली, त्याला कसं न्याहाळलं. इंग्रजीचं एक वाक्य त्यात नव्हतं.

फोन ठेवल्यावर अक्कानं विचारलं, काय म्हणाली?

"दिली म्हणाली परीक्षा," मधुवंती म्हणाली.

"मग दिलीच असेल," अक्का म्हणाली.

मधुवंतीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं ते हसू लवकर थांबलं नाही. ती वर गेली. उर्वशीचं कार्ड काढून ठेवलं होतं, ते तिनं परत लाल दोऱ्यात घातलं, कात्रीच्या कार्डाशेजारी, आणि डब्याचं झाकण लावलं. पुढच्या शनिवारी किती वाजता यायचं, हेही उर्वशीनं विचारलं होतं.